एअरबॅग रिकॉल: खान्देशातून सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

एखाद्या कार कंपनीने एअरबॅगसाठी गाड्या परत बोलावल्याची बातमी आली की दोन दिवसांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून मला फोन सुरू होतात. कोणी घाबरलेलं असतं, कोणी कंपनीवर चिडलेलं, आणि बरेच जण "बघू, लग्नसराई उरकली की जाऊ" म्हणतात. घाबरलेले आणि चिडलेले लोक शेवटी सर्व्हिस सेंटरला जाऊन काम करून येतात, मला काळजी वाटते ती "बघू" म्हणणाऱ्यांची. प्रश्न दर वेळी तेच असतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. फार घाईत असाल तर ३ आणि ११ एवढे दोन तरी वाचा.

१. रिकॉल म्हणजे नक्की काय? कंपनी गाडी परत घेऊन पैसे देते का?

नाही, गाडी तुमचीच राहते. ठराविक तारखांमध्ये बनलेल्या गाड्यांत एखादा पार्ट सदोष निघाला की कंपनी मालकांना कळवते, गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, आम्ही तपासतो आणि गरज असेल तर पार्ट बदलून देतो. भारतात कंपन्यांनी स्वतःहून रिकॉल करायची पद्धत २०१२ मध्ये सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या नियमावलीपासून सुरू झाली. मग २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम ११०अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, आणि कंपनी ऐकत नसेल तर सक्तीने रिकॉल करायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला. पैसे परत मिळण्याचं काय ते १६ मध्ये लिहिलंय.

२. एअरबॅग तर जीव वाचवायला असते, तिच्यात असा काय बिघाड होतो?

आधी ती चालते कशी ते थोडक्यात. धडक बसली की सेन्सर कंट्रोलरला कळवतो, कंट्रोलर इन्फ्लेटरला करंट देतो, इन्फ्लेटर म्हणजे एक छोटा धातूचा डबा, त्यातलं रसायन पेटतं, गॅस तयार होतो आणि पिशवी फुगते. हे सगळं पापणी लवायच्या आत. आता बिघाड मुख्यतः तीन ठिकाणी होतो. कंट्रोलर खराब असेल तर एअरबॅग उघडतच नाही. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली केबल तुटली तरी तेच होतं. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, इन्फ्लेटरच फुटतो आणि धातूचे तुकडे पिशवी फाडून थेट माणसाच्या मानेवर, तोंडावर येतात.

हा तिसरा प्रकार म्हणजे जपानच्या टकाटा कंपनीचं प्रकरण. त्यांनी इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं आणि बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषून घेणारा पदार्थ टाकलाच नाही. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते रसायन खराब होतं, मग पेटलं की हवं त्यापेक्षा जोरात जळतं आणि डबा फुटतो. पहिला रिकॉल होंडाने २००८ मध्ये केला, तोही थोड्याच गाड्यांचा, आणि नंतर तो वाढत वाढत एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरपर्यंत गेला. तिथे २८ मृत्यू आणि किमान ४०० जखमी नोंदवले गेलेत. कंपनीने चाचण्यांचे आकडे खोटे दिल्याचं २०१७ मध्ये कोर्टात कबूल केलं, १०० कोटी डॉलरचा दंड झाला, आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली.

म्हणून बातमीत नुसतं "एअरबॅग रिकॉल" वाचून थांबू नका, बिघाड यातला कोणता ते बघा. कारण "उघडणार नाही" आणि "उघडली तर इजा करेल" या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

३. माझी गाडी यात आहे का ते कसं कळणार? बातमीत तर नुसतं मॉडेलचं नाव आलंय

मॉडेलच्या नावावरून काही ठरत नाही, चेसिस नंबरवरून ठरतं. हा १७ अक्षर-आकड्यांचा नंबर आरसी बुकवर असतो, डिजीलॉकरमधल्या आरसीवर असतो, बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावर पट्टीवरही असतो. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलचं पान असतं तिथे हा नंबर टाका, लगेच हो की नाही कळतं. नेट जमत नसेल तर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करून नंबर वाचून दाखवा. वाचताना आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं चेसिस नंबरमध्ये नसतातच हे लक्षात ठेवा, म्हणजे गोल दिसतंय ते शून्यच.

एक गफलत सारखी होते. लोक आरसीवरची पासिंगची तारीख बघतात आणि "आपली गाडी त्यात नाही" म्हणून सोडून देतात. रिकॉल बनल्याच्या तारखेवर असतो. डिसेंबरात बनलेली गाडी शोरूमला उभी राहून गुढीपाडव्याला घरी आली असं कितीदा तरी होतं. उदाहरण सांगतो, मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलर तपासायला बोलावल्या, अल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा, आणि त्या फक्त ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या. त्यामुळे शेजाऱ्याच्या ईकोला बोलावणं आलं आणि तुमच्या ईकोला नाही, हे अगदी होऊ शकतं.

४. वॉरंटी संपली, सर्व्हिसिंग पण बाहेरच करतो. पैसे लागतील का?

नाही. रिकॉलचं काम फुकट, पार्टचेही पैसे नाहीत आणि मजुरीचेही नाहीत. वॉरंटीशी त्याचा संबंध नाही, सर्व्हिसिंग कुठे करता त्याच्याशी पण नाही. जॉब कार्ड बनवताना "ऑइल बदलायचं, ब्रेक साफ करायचे, वायपर पण घ्या" असं सुरू झालं तर सरळ सांगा की फक्त रिकॉलचं काम करा, बाकी मी नंतर बघतो. आणि बिलावर शून्य रुपये दिसायला हवेत, तो कागद जपून ठेवायचा, पुढे कामाला येतो.

५. मोबाइलवर मेसेज आलाय, लिंक पण आहे. खरा का फ्रॉड?

लिंक दाबूच नका. मेसेज खरा असला तरी ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे स्वतः वेबसाइट उघडून नंबर टाकला की खरं-खोटं कळतंच. रिकॉलसाठी कोणी ओटीपी, बँकेची माहिती किंवा "बुकिंग चार्ज" मागत असेल तर तो फ्रॉडच आहे.

६. गाडी एकदम मस्त चालते, एअरबॅगची लाइट पण लागत नाही. मग कशाला जायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्याच मागे सगळ्यात मोठा धोका आहे. चावी फिरवली की एअरबॅगची लाइट काही सेकंद लागून विझते, म्हणजे वायरिंग आणि कंट्रोलर ठीक आहेत एवढंच ती सांगते. इन्फ्लेटरच्या डब्यातलं रसायन खराब झालंय का हे तिला कळायचा मार्गच नाही. टकाटाच्या गाड्यांमध्ये फुटायच्या आदल्या दिवसापर्यंत लाइट नॉर्मल, गाडी नॉर्मल, आवाज नाही, वास नाही, काही नाही. गाडी दहा वर्षं छान चालली म्हणजे एअरबॅग ठीक आहे असं होत नाही, कारण ती या दहा वर्षांत एकदाही वापरली गेलेली नाही.

उलट लाइट कायम लागून राहत असेल तर रिकॉल असो नसो, लगेच दाखवा.

७. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री. उन्हात उभ्या गाडीत एअरबॅग आपोआप फुटेल का?

नुसत्या उन्हाने फुटत नाही, धडकेनंतर सिग्नल गेला तरच ती पेटते. त्यामुळे गाडीजवळ जायला घाबरू नका, असाही फोन मला आलाय.

पण उन्हाचा संबंध आहे आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. टकाटाचं रसायन खराब व्हायला तीन गोष्टी लागतात, गाडीचं वय, दमट हवा आणि तापमानाची रोजची चढ-उतार. अमेरिकेत सगळ्यात धोक्याचा पट्टा ठरवला तो फ्लोरिडा, टेक्सास, हवाई अशा गरम-दमट भागांचा. फ्रान्समध्येही टकाटाच्या एअरबॅगमुळे माणसं दगावली, त्यातले बहुतेक मृत्यू त्यांच्या दूरच्या उष्ण बेटांवर झाले. आपला उन्हाळा कोरडा आहे हे खरं, पण भुसावळला भर दुपारी रस्त्यावर उभी असलेली बंद गाडी आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, रात्री निवते, आणि त्यानंतर पावसाळ्याचे चार महिने ओलावा असतोच. म्हणून "हे तिकडचं प्रकरण आहे, आपल्याला काय" असं म्हणू नका. सावलीत किंवा शेडमध्ये गाडी लावणं चांगलंच, पण तो रिकॉलला पर्याय नाही.

८. कंपनीने चूक मान्य केली म्हणजे गाडीच बोगस निघाली ना? आम्हाला फसवलं

राग समजू शकतो. घरातली पहिली गाडी असते, केळीचे किंवा कापसाचे पैसे आले तेव्हा घेतलेली असते, हप्ते अजून चालू असतात, आणि एक दिवस कळतं की ज्या गोष्टीच्या भरवशावर जास्तीचं व्हेरियंट घेतलं तीच सदोष आहे. चिडायचा पूर्ण हक्क आहे.

फक्त राग योग्य ठिकाणी काढावा असं मला वाटतं. जी कंपनी दोष सापडल्यावर उघड सांगते, तारखा जाहीर करते, पार्ट बदलून देते, ती निदान त्या बाबतीत नीट वागतेय. राग यायला हवा तो लपवणाऱ्यांचा. टकाटाने वर्षानुवर्षं आकडे लपवले आणि माणसं मेली, ती रिकॉलमुळे मेली नाहीत. आपण रिकॉल करणाऱ्या कंपनीची इतकी बदनामी केली की पुढची कंपनी दोष दाबून ठेवेल, तर नुकसान आपलंच. आणि त्या बिघाडामुळे तुमचं खरोखर नुकसान झालं असेल तर १५ आणि १७ वाचा, तिथे राग कामाला लागेल.

९. गाडी सेकंडहँड आहे, सुरतहून घेतली, जीजे पासिंग होती. मला काहीच पत्र आलं नाही

येणारच नाही, पत्र पहिल्या मालकाला गेलं असणार. खान्देशात हा प्रकार घराघरात आहे, सुरतला नातेवाईक, तिकडून गाडी स्वस्तात येते, दोन-तीन हात फिरलेली असते. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याने अशीच जुनी सेडान घेतलेली, बोलता बोलता चेसिस नंबर टाकून बघितला तर ड्रायव्हरच्या एअरबॅगचं काम अजून बाकी, आणि कंपनीच्या रेकॉर्डला मोबाइल नंबर सुरतच्या पहिल्या मालकाचा. त्या माणसाने गाडी विकून किती वर्षं झालेली, तो कशाला कोणाला फोन करून सांगेल?

म्हणून दोन कामं करा. नंबर स्वतः टाकून बघा, राज्य कोणतंही असो, चेसिस नंबर तोच राहतो आणि काम देशात त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला होतं. आणि टोल फ्रीवर फोन करून तुमचं नाव-नंबर रेकॉर्डला लावून घ्या. आरटीओला नावावर केली म्हणजे कंपनीकडेही बदल झाला असं होत नाही, ही दोन्ही रेकॉर्डं वेगळी आहेत.

१०. "भाऊ, मनी गाडी २००९ नी शे. तिनी एअरबॅग बी फुकट बदली देतीन का?"

हो, कंपनीने त्या सालाच्या गाड्यांसाठी रिकॉल काढला असेल तर वय आडवं येत नाही. होंडाने भारतात २०१५ मध्ये २,२३,५७८ गाड्या बोलावल्या त्यात २००३ पासूनच्या गाड्या होत्या, सिटी, सिव्हिक, जॅझ, सीआर-व्ही. मग २०१७ मध्ये २०१२ सालच्या ४१,५८० आणि २०१८ मध्ये २०१३ सालच्या २२,८३४ गाड्या अजून बोलावल्या. टोयोटानेही २०१७ मध्ये २०१० ते २०१२ च्या २३,१५७ कोरोला अल्टिस परत बोलावल्या. यातल्या बऱ्याच गाड्या आज आपल्याकडे तालुक्याच्या गावात चौथ्या हातात फिरताना दिसतात.

घोळ होतो तो सात वर्षांच्या अटीवरून. सरकारने सक्तीने करायला लावलेल्या रिकॉलच्या नियमात सात वर्षांच्या आतल्या गाड्यांचा विषय आहे. कंपनीने स्वतःहून केलेल्या रिकॉलला ती अट लागत नाही, त्यामुळे कोणी काउंटरवर "सात वर्षं झाली" म्हणून परत पाठवत असेल तर ऐकून घेऊ नका. रिकॉल जुना असला आणि तुम्ही तेव्हा गेला नसाल तरी आज जाऊन विचारा.

११. पार्ट यायला वेळ लागेल म्हणतात. तोपर्यंत गाडी चालवू का नको?

कंपनीच्या नोटिशीत काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. "लवकर आणा" वेगळं आणि "बदलेपर्यंत चालवू नका" वेगळं. मारुतीच्या २०२३ च्या रिकॉलमध्ये पार्ट बदलेपर्यंत गाडी वापरू नका असंच सांगितलेलं होतं. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने टकाटाच्या एअरबॅगमुळेच २००९ नंतरच्या जुन्या सी३ आणि डीएस३ गाड्या जागेवर उभ्या करायला सांगितल्या, जून २०२५ मध्ये तिकडे एका महिलेचा मृत्यू झाल्यावर तर आदेश अजून कडक झाला, लोक गाडीशिवाय अडकले, खूप ओरड झाली. ओरड बरोबरच होती, कंपनीने पार्ट आणि पर्यायी गाडीची सोय आधी करायला हवी होती, पण म्हणून गाडी चालवणं सुरक्षित होत नाही.

नोटिशीत "चालवू नका" असेल तर चालवू नका, लग्न असो, अंत्ययात्रा असो, कानबाईचा उत्सव असो. सर्व्हिस सेंटरला गाडी टो करून न्यायला सांगा आणि ते लेखी मागा. अमेरिकेत २००१ ते २००३ च्या काही होंडा-अॅक्युरा गाड्यांमध्ये एअरबॅग उघडलीच तर इन्फ्लेटर फुटायची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत निघाली होती, म्हणजे अर्धी-अर्धी. एवढी जोखीम घेऊन कुठेही पोचायची गरज नसते.

फक्त डाव्या बाजूच्या एअरबॅगचा दोष असेल आणि कंपनीने चालवायला मनाई केली नसेल, तर काम होईपर्यंत पुढच्या डाव्या सीटवर कोणालाही बसवू नका. आपल्याकडे ती सीट घरातल्या वडीलधाऱ्यांची असते, त्यांना मागे बसायला सांगताना संकोच वाटतो, तरी सांगा.

१२. गॅरेजवाला म्हणतो, फ्यूज काढून टाकतो, टेन्शनच नको

नको. फ्यूज काढला की एका एअरबॅगसोबत सगळ्याच एअरबॅग बंद पडतात, आणि बऱ्याच गाड्यांत धडकेच्या वेळी बेल्ट ओढून घट्ट करणारी यंत्रणाही त्याच सर्किटवर असते. काही ठिकाणी तर लाइट विझवायला रेझिस्टर लावून देतात, म्हणजे कंट्रोलरला वाटतं एअरबॅग आहे आणि प्रत्यक्षात नसते. पुढे गाडी विकली तर घेणाऱ्याला कळतही नाही. तुमच्या ओळखीचा मिस्त्री कितीही हुशार असला, इंजिन त्याला झोपेत खोलता येत असलं, तरी एअरबॅगला हात लावू देऊ नका. चुकून पेटली तर त्याच्याच तोंडावर पेटेल.

१३. काम करतात तरी काय? किती वेळ जातो?

एक-दोन तास, गर्दी असेल तर दिवस. मी उभं राहून बघितलंय, ड्रायव्हर साइडचं काम होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि मेकॅनिक काही मिनिटं नुसता थांबला, कारण सर्किटमध्ये साठलेला करंट उतरू द्यावा लागतो. मग स्टिअरिंगच्या मागचे स्क्रू सोडवून मधला गोल भाग हाताने उचलला, त्याच्या पाठीला पिवळा कनेक्टर, एअरबॅगची वायरिंग पिवळीच असते, तो काढला, नवीन इन्फ्लेटर बसवलेला भाग लावला, परत कनेक्टर, परत स्क्रू. शेवटी लॅपटॉप लावून तपासलं आणि लाइट विझल्यावर गाडी बाहेर. जुना पार्ट मालकाला देत नाहीत, कंपनीकडे परत जातो, आणि ते बरोबर आहे, "आमचा पार्ट आम्हाला द्या" म्हणून भांडू नका. का ते १८ मध्ये आहे.

१४. आमच्या तालुक्यात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटरच नाही. एवढ्यासाठी धुळ्याला जायचं?

शहादा, तळोदा, नवापूर, चोपडा, यावल, सगळीकडून ही तक्रार येते आणि ती खरी आहे. दिवस मोडतो, डिझेल जातं. आधी फोन करून पार्ट आलाय का विचारा, चेसिस नंबर सांगून अपॉइंटमेंट घ्या आणि मगच निघा, नाहीतर हायवेने एवढं अंतर जाऊन "पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागतं. काही कंपन्यांची फिरती सर्व्हिस व्हॅन तालुक्याला येते, ती असेल तर विचारून ठेवा, गावातल्या चार-पाच जणांची तीच गाडी असेल तर एकत्र मागणी केल्यावर जास्त ऐकतात.

१५. सर्व्हिस सेंटरवाले टाळाटाळ करतात, दोनदा परत पाठवलं. तक्रार कुठे करू?

तोंडी बोलणं बंद करा, पहिलं हेच. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, चेसिस नंबर, कोणत्या तारखेला गेलात, काय उत्तर मिळालं, सगळं लिहा. बहुतेक कामं इथेच मार्गी लागतात, कारण डीलरला कंपनीची भीती असते. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहे, वकील लावायची सक्ती नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

गाडीत दोष आहे पण कंपनी रिकॉलच करत नाही असं वाटत असेल तर सरकारच्या वाहन पोर्टलवर तशी तक्रार नोंदवता येते. ठराविक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी लागते आणि सक्तीचा रिकॉल झाला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. आपले लोक चौकात तासभर चिडून बोलतात आणि इथे पाच मिनिटं देत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१६. मला ही गाडीच नको आता. पैसे परत किंवा नवी गाडी मागू शकतो का?

कंपनीने स्वतःहून केलेल्या रिकॉलमध्ये दुरुस्तीच मिळते. कलम ११०अ मध्ये गाडीची पूर्ण किंमत, बदली गाडी किंवा दुरुस्ती असे पर्याय लिहिलेत, पण ते सरकारने आदेश दिलेल्या रिकॉलसाठी, आणि तिथेही दुरुस्ती हा पर्याय आहेच. दुरुस्तीनंतरही तोच दोष परत परत येत असेल तर ग्राहक आयोगात मागणी करता येते, त्यासाठी प्रत्येक जॉब कार्ड लागेल.

१७. अपघात झाला आणि एअरबॅग उघडलीच नाही. ही रिकॉलची केस आहे का?

असेलच असं नाही. मागून धडक बसली, गाडी ट्रकखाली घुसली, बाजूने आपट बसली तर पुढच्या एअरबॅग उघडत नाहीत, त्या समोरच्या जोरदार धडकेसाठी असतात. बेल्ट लावलेला नसेल तर काही गाड्यांत फरक पडतो, आणि उघडली तरी बेल्ट नसलेला माणूस वेगाने तिच्यावरच आदळतो. एअरबॅग ही बेल्टला जोड म्हणून बनवलेली आहे, बेल्टच्या जागी नाही.

पण समोरून जबर धडक बसली, बेल्ट होता आणि तरी उघडली नाही, तर सोडू नका. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्युंदाई क्रेटाच्या अशाच प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला, आणि वेग किती, जोर किती याचा हिशोब सामान्य ग्राहकाने मांडावा अशी अपेक्षा करता येत नाही असं म्हटलं. गाडी दुरुस्तीला द्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, डॅशबोर्डचा, स्टिअरिंगचा, बेल्टचा पण, पंचनाम्याची प्रत घ्या, आणि चेसिस नंबर रिकॉलमध्ये होता का ते बघा. होता आणि तुम्हाला कळवलंच नसेल तर केस भक्कम होते. कळवूनही तुम्ही गेला नसाल तर कंपनी तेच पुढे करेल.

१८. अपघातातली दुरुस्त केलेली गाडी घेतोय. एअरबॅग जुन्या बाजारातून लावलीय म्हणतात, चालेल?

चालणार नाही. भंगारातल्या गाडीची एअरबॅग रिकॉलमधली असू शकते आणि तुमच्या चेसिस नंबरवर ते कधीच दिसणार नाही, कारण रेकॉर्ड मूळ गाडीचं आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये सरकारी यंत्रणेने स्वस्त नकली इन्फ्लेटरबद्दल इशारा दिला, अपघातानंतर लावलेले असे इन्फ्लेटर फुटून माणसं दगावली होती. घेण्याआधी कंपनीच्या सेंटरला दाखवा, एअरबॅग कधी आणि कुठे बदलली त्याचं बिल मागा. बिल नसेल तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

१९. रिकॉल झालेल्या गाडीची रिसेल पडते का?

काम झाल्याचा कागद असेल तर पडायचं कारण नाही. जळगावच्या बाजारात बहुतेक घेणारे अजून हे विचारत नाहीत, पण काही जण विचारायला लागलेत. विकणाऱ्याने कागद दाखवावा, घेणाऱ्याने टोकन द्यायच्या आधी नंबर टाकून बघावा. काम बाकी असेल तर "आधी करून आणा" म्हणा, फुकटच होतं, त्यात विकणाऱ्याचं काही जात नाही.

२०. एकदा काम करून आणलं, आता परत मेसेज आलाय. चुकून आला का?

चुकून नसेल. दोन कारणं असतात. एक, मागच्या वेळी ड्रायव्हर बाजूची बदलली आणि आता डाव्या बाजूची. दुसरं, टकाटाच्या वेळी सुरुवातीला काही गाड्यांत तात्पुरता त्याच प्रकारचा नवा इन्फ्लेटर लावला, कारण जुन्यापेक्षा नवा निदान काही वर्षं सुरक्षित, आणि नंतर वेगळा इन्फ्लेटर आल्यावर परत बोलावलं. नंबर पुन्हा टाका, रिकॉल वेगळा दिसला तर पुन्हा जा.

२१. पुढे बुल गार्ड आहे, सीट कव्हर नवीन टाकलेत. रिकॉल नाकारतील का?

रिकॉल नाकारता येत नाही, पण बुल गार्ड काढून टाका. धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि एअरबॅग उघडायला उशीर होतो किंवा उघडतच नाही, शिवाय केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच ते बेकायदा ठरवलेत. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर सगळीकडून आवळून बसणारं साधं कव्हर टाकू नका.

२२. गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते वारले. मेसेज त्यांच्या बंद पडलेल्या नंबरवर जात असणार. आता काम कोणाच्या नावाने होईल?

काम गाडीवर होतं, नावावर नाही. आरसी आणि गाडी घेऊन जा, सांगा की वडील वारलेत, आणि तुमचा नंबर रेकॉर्डला लावा, एवढ्यावर होतं. वारसाचा दाखला मागितला तर तो आरटीओच्या कामाला लागतो, रिकॉलला नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. आरटीओचं मात्र राहू देऊ नका, गाडी वापरत राहणार असाल तर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असा नियम आहे, इन्शुरन्सही सोबतच बदलून घ्या. दुःखात हे सुचत नाही, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, जावयाने, पुतण्याने, हा नंबर टाकून बघायचं काम स्वतःकडे घ्यावं.